वेलीची स्वतःची ताकद

कोल्मार, फ्रान्स

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

द्राक्षाच्या गोडी (फळ) छाटणीनंतर पोंग्यातच, कोंब फुटतानाच, पाऊस लागला आणि निफाडकडे सगळ्यांच्याच डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) फवारण्या वाढल्या, असे आईने सांगितले. इतक्या औषधांनी वेलीची रोगाशी लढण्याची स्वतःची ताकद मरत नाही का, हा तुमचा प्रश्नही तिने पोचवला.

ती मरत नाही, कारण ती मुळात वेलीच्या जनुकांत असते. पेशीच्या पृष्ठभागावरील काही प्रथिने बुरशीच्या भिंतीतील कायटिन या द्रव्याचे तुकडे ओळखून पेशीला इशारा देतात. भुरी या बुरशीरोगाचा बीजाणू पानावर रुजू लागला की पेशी त्या जागी आपली भिंत जाड करते, कायटिन तोडणारी विकरे (एन्झाइम) सोडते आणि रेस्वेरॅट्रॉलसारखी रोगरोधक द्रव्ये तयार करते. आपल्या बिनबियांच्या थॉमसन वाणामध्येही हे घडते. परंतु भुरी आणि डाऊनी पेशीत जी प्रथिने सोडतात, त्यांनी हा इशाराच दडपला जातो. (डाऊनी खरे तर बुरशी नव्हेच, तिच्या भिंतीत सेल्युलोज असते आणि भुरीची कित्येक औषधे तिच्यावर चालत नाहीत.)

हे दोन्ही रोग मूळचे उत्तर अमेरिकेतले. डाऊनी फ्रान्समध्ये १८७८ साली दिसली. तोवर थॉमसनच्या कुळाची तिच्याशी गाठच पडली नव्हती. अमेरिकेतील रानवेलींच्या पेशींत मात्र आतही पहारा असतो: रोगाने सोडलेले प्रथिन ओळखू आले की ती पेशी स्वतःच मरते, आणि जिवंत पेशीवरच जगणाऱ्या रोगाची उपासमार होते.

हे गुण संकरातून आणलेले आर्ताबान, व्हिडोक, फ्लोरेआल आणि व्होल्टिस हे वाण येथील संशोधन संस्थेने तयार केले. त्यांना २०१८ मध्ये मान्यता मिळाली. एकाच जनुकावर विसंबल्यास रोग आपले प्रथिन बदलून निसटतो, हे युरोपात घडून गेले आहे, म्हणून त्यांत प्रत्येक रोगासाठी दोन जनुके एकत्र केली आहेत. शिवाय मोजक्या फवारण्याही घ्यायला सांगतात. मला ही सावधगिरी त्या वाणांइतकीच मोलाची वाटते.

मात्र ही वाइनची, बियांची द्राक्षे आहेत. आपल्या बाजारात ती चालणार नाहीत, आणि बिनबियांच्या वाणात हे गुण आणायला बरीच वर्षे लागतील. तोवर पाने फार वेळ ओली राहणार नाहीत अशी कॅनॉपी (पानांचा पसारा) मोकळी ठेवा, कारण डाऊनीचे बीजाणू पाण्यात पोहूनच पर्णरंध्रापर्यंत पोचतात. एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा मारू नका.

आईस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

आपली,
मीनल