दारू पिण्यासाठी गोळी चुकवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेले अनेक जण ‘आज प्यायची आहे’ म्हणून त्या दिवशीची गोळीच टाळतात. हा हिशेब साफ चुकीचा आहे. वॉरफरिन या जुन्या गोळीचा परिणाम काही दिवस टिकतो. एक गोळी चुकवल्याने त्या रात्रीचा रक्तस्रावाचा धोका टळत नाही. उलट अपिक्साबान, रिव्हारोक्साबान या नव्या गोळ्यांचा परिणाम दिवसभरात बराच उतरतो आणि रक्ताची गुठळी होण्याची वाट मोकळी होते.

वॉरफरिनचे विघटन यकृतात होते. एकाच बैठकीत भरपूर दारू घेतली की हे काम मंदावते आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, वाढतो (बहुतेकांत तो २ ते ३ ठेवायचा असतो). वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्यांत मात्र यकृत औषध भराभर संपवू लागते, मग आयएनआर खाली येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना प्यायचे प्रमाण खरे सांगा, लाजू नका. डोस त्यावरही ठरतो. नव्या गोळ्यांना आयएनआर तपासणी लागत नाही, पण म्हणून दारू चालते असे नव्हे. जठराचे अस्तर सोलवटते, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींचे काम बिघडते, तोल जातो.

सकाळी डोके दुखले तर मनाने आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका. पडून डोक्याला मार लागला, तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालय गाठा. मेंदूतल्या रक्तस्रावाची लक्षणे काही तासांनीही दिसतात. डांबरासारखी काळी शौच झाली तरीही तसेच.

आपला,
एक फार्मासिस्ट