लशीची अट घालणार असाल, तर बुडणाऱ्या मजुरीचंही बोला : कामगार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या घरकामगार बायकांमध्ये काम करते. २०२१ मध्ये कोविडच्या लशीचे दोन डोस नसलेल्यांना लोकल बंद होती. त्या काळात आमच्या बायकांची जी मजुरी बुडाली, तिच्याबद्दल हे पत्र आहे. तेव्हा हे खातं आपल्याकडे नव्हतं, याची मला कल्पना आहे. पण पुढची साथ येईल तेव्हा पहिला फटका याच बायकांना बसणार, आणि त्यांची मजुरी हा कामगार खात्याचाच विषय असणार.

लशीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. दुसऱ्या लाटेत आमच्या वस्तीतली धडधाकट माणसं आठवड्याभरात गेली. लसीकरण केंद्रावर पहाटे पाचला टोकनसाठी रांग लागायची, त्या रांगेत मी बायकांना घेऊन उभी राहिले आहे. लस घ्यायची नाही म्हणून कुणी अडून बसलं होतं, असं आमच्याकडे फारसं झालं नाही. लस मिळालीच नव्हती.

तारखा मांडून बघा. ८ ऑगस्ट २०२१ रोजी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, की दुसरा डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना १५ ऑगस्टपासून लोकलने जाता येईल. १८ ते ४४ वयाच्या लोकांचं लसीकरण १ मेला सुरू झालं होतं आणि साठा नाही म्हणून १२ मेला राज्यानेच ते थांबवलं होतं. ते सगळ्यांसाठी पुन्हा खुलं व्हायला २२ जून उजाडला. दरम्यान कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढून किमान ८४ दिवस झालं होतं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या बाईने अगदी २२ जूनला पहिला डोस घेतला असेल, तरी तिचा दुसरा डोस १४ सप्टेंबरच्या आधी होणं शक्य नव्हतं, आणि पुढचे १४ दिवस धरले तर लोकलचा पास २८ सप्टेंबरला. सरकारचा प्रत्येक नियम तंतोतंत पाळूनही ती १५ ऑगस्टनंतर सहा आठवडे फलाटाबाहेर.

वाट नव्हती असं नाही. कोव्हॅक्सिनचं अंतर २८ दिवसांचं होतं आणि खासगी रुग्णालयात ती १,४१० रुपयांना एक डोस या दराने मिळत होती. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने दोन डोसांचे २,८२० रुपये कुठून आणायचे? शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना मात्र केंद्र सरकारने ७ जूनलाच कोविशिल्डचा दुसरा डोस २८ दिवसांनंतर घ्यायची मुभा दिली होती. परदेशातली नोकरी वाचावी म्हणून अंतर कमी होऊ शकतं, तर मुलुंडमधली चार घरं वाचावीत म्हणून का नाही, असं आमच्या सभेत एका मुलीने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे असेल तर कळवा.

बरं, दोन डोस झाले म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. स्टेशनबाहेर पालिकेचं टेबल. तिथे प्रमाणपत्राची छापील प्रत आणि ओळखपत्र दाखवायचं, शिक्का घ्यायचा, मग खिडकीवर पास. आमच्या एका ताईच्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं. प्रमाणपत्र काढलं ते दिराच्या मोबाइलवरून, त्यावर सासरचं. टेबलावरच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. नाव दुरुस्त होईपर्यंत तिची दोन कामं गेली. शिवाय सुरुवातीला फक्त महिन्याचा पास मिळत होता, एका दिवसाचं तिकीट नाही. नाक्यावर उभं राहून आठवड्यातून दोन-तीन दिवस काम मिळवणाऱ्या बिगाऱ्याने पूर्ण महिन्याचे पैसे आधी मोजायचे, हे कोणत्या हिशेबात बसतं?

मग लोकांनी काय केलं? शेअर रिक्षा, मग एसटी, मग पुन्हा रिक्षा. लोकलच्या महिनाभराच्या पासाचे पैसे चार दिवसांत संपायचे. साताला निघणारी बाई पाचला निघायला लागली. पहिल्या घरी उशीर झाला की काम सुटायचं, कारण आमच्या कामाला ना नेमणूकपत्र, ना नोटीस. काहींनी विनातिकीट प्रवास केला आणि अडीचशे रुपये दंड, वर भाडं भरलं. एका दिवसाची मजुरी तिथेच संपली. काहींनी अत्यावश्यक सेवेची खोटी ओळखपत्रं मिळवली. ते चूकच, पण ती माणसं चैनीसाठी गाडीत चढत नव्हती.

इतर देशांतल्या कामगारांचा राग जगाने पाहिला. इटलीने १५ ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्येक कामगाराला 'ग्रीन पास' (लस, चाचणी किंवा कोविडमधून बरं झाल्याचा दाखला) सक्तीचा केला, तेव्हा त्रिएस्तेच्या बंदरातले गोदी कामगार दरवाजावर ठाण मांडून बसले. तीन दिवसांनी पोलिसांनी पाण्याचा मारा करून त्यांना हटवलं. कॅनडात सीमा ओलांडणाऱ्या ट्रकचालकांची लशीच्या अटीतली सूट १५ जानेवारी २०२२ ला संपली आणि महिना संपायच्या आत ट्रकांनी राजधानी ओटावा अडवली. फेब्रुवारीत ॲम्बॅसेडर पूल जवळपास आठवडाभर बंद पडला. कॅनडा आणि अमेरिकेतल्या मालाच्या व्यापारापैकी सुमारे चौथा हिस्सा त्या एका पुलावरून जातो. सुट्या भागांअभावी मोटार कारखान्यांना पाळ्या कमी कराव्या लागल्या. पूल अडवणं मला पटत नाही, कारण त्यात कारखान्यातल्या इतर कामगारांचा रोज बुडतो. पण इटलीत लस न घेतलेल्याला चाचणी करून कामावर जाता येत होतं, आणि पास नसलेल्याचा पगार थांबला तरी नोकरी जात नव्हती. आमच्या लोकलला चाचणीचा पर्याय नव्हता. आमच्या नोकरीला कसलंच संरक्षण नव्हतं.

मुंबईत असं काही घडलं नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला रेलभरो आंदोलन झालं, त्याची मागणीही दोन डोस झालेल्यांना सोडा एवढीच होती. एक डोसवाल्यांसाठी कुणी रुळावर उतरलं नाही. कुठे चक्काजाम झाला नाही म्हणून नुकसानही कुठे मोजलं गेलं नाही. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले होते. ऑगस्टनंतरच्या बंदीसाठी आमच्या बायकांच्या हाती एक रुपयाही आला नाही. आणि ज्यांची घरकामगारांच्या कल्याण मंडळाकडे नोंदणीच नाही, अशाच बायका जास्त.

न्यायालयांनी पुढे जे म्हटलं तेही आपल्यासमोर ठेवते. दुकानदार, टॅक्सीचालकांना लशीची सक्ती करून त्यांचा रोजगार अडवता येणार नाही, असं मेघालय उच्च न्यायालयाने २३ जून २०२१ रोजीच सांगितलं होतं, म्हणजे आपली लोकलबंदी सुरू होण्याच्या आधी. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दाखवून दिलं, की तेव्हाच्या मुख्य सचिवांनी लोकलबंदीचे आदेश आपत्ती व्यवस्थापनाच्या राज्य कार्यकारी समितीला विचारात न घेता काढले होते. तरी १ मार्चच्या नव्या आदेशात लोकलची अट राहिलीच, ती उठली गुढीपाडव्याला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात हवेत. लस न घेतलेल्यांपासून संसर्गाचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, असं दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही, असंही न्यायालयाने नोंदवलं.

साथीत गर्दी रोखावी लागते, त्याला आमची ना नाही. मागणी एवढीच, की रोखताना मजुरीचा विचार त्याच आदेशात हवा. शेवटच्या वयोगटाला पूर्ण डोस घेता येतील इतका अवधी गेल्याशिवाय कामाच्या प्रवासाला लशीची अट लागू नये. ती लागू असेल तितके दिवस स्टेशनवर मोफत चाचणीचा पर्याय हवा आणि रोजच्या तिकिटाची खिडकी उघडी हवी. डोस मिळाला नाही म्हणून ज्याला सरकारने अडवलं, त्याला त्या दिवसांची किमान वेतनाइतकी भरपाई आपत्ती निधीतून मिळावी, आणि त्या कारणावरून कामावरून काढता येऊ नये. असा कोणताही आदेश निघताना कामगार विभागाचं लेखी मत घेतलं जावं आणि ते जाहीर व्हावं. आज साथ नाही, म्हणून हे शांतपणे करता येईल.

आमच्याकडे हजेरीच्या वह्या आहेत. कोणाची कोणती कामं कधी सुटली, किती दंड भरला, रिक्षाला किती गेले, हे बायकांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. येत्या अधिवेशनाआधी आपण वेळ द्यावी. वह्या घेऊन आम्ही मंत्रालयात येऊ. घरकामगारांच्या नोंदणीचा प्रश्नही त्याच बैठकीत घ्यावा, कारण नाव नोंदलेलं नसेल तर भरपाई जाहीर होऊनही आमच्यापर्यंत ती पोहोचणार नाही.

आपली,
घरकामगारांच्या संघटनेची एक कार्यकर्ती,
बदलापूर