किसननगरच्या आमच्या बाईंना

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहितोय. तुमचं नाव मात्र घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही हे ठाऊक आहे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

आमची धाकटी बहीण जपानला सुखरूप पोहोचली, वृद्धाश्रमात कामावर रुजू झाली, पहिला पगारही हातात आला. अभिनंदनाचे फोन आम्हाला येतायत. ते खरं तर तुमच्याकडे जायला हवेत.

वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडल्यावर बाबांनी वॉचमनकी धरली. बारावी होताच धाकटी एका ब्युरोमार्फत घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये पेशंट सांभाळायला जाऊ लागली. बारा तासांची ड्युटी, कमिशन आधीच कापलेलं. म्हाताऱ्या माणसांचं करायला तिला मनापासून आवडायचं. पण या कामाचं रीतसर शिक्षण असतं, त्याची परीक्षा असते, त्यावर चांगली नोकरी मिळते, हे आमच्या घरात कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही तिला "दुसरं काहीतरी बघ" एवढंच सांगत राहिलो.

तुम्ही मंडळाच्या ऑफिसात जपानी शिकवायला फळा लावलात आणि पहिल्याच दिवशी सगळं उलगडून सांगितलंत. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान सरकारांत करार झाला. त्यात १४ क्षेत्रांत कुशल कामगार घ्यायचं ठरलं, आणि त्यातलं एक क्षेत्र वृद्धांच्या देखभालीचं, म्हणजे काईगोचं. तिकडे दर दहा माणसांत जवळपास तीन जण ६५ च्या पुढचे, सांभाळायला हात कमी. आमच्या पोरींकडे हात आहेत, सवय आहे. भाषा आणि कागद तेवढे नाहीत. करार दिल्ली आणि टोकियोत होतात हो, पण तिथून आमच्या गल्लीपर्यंत ते आणतं कोण? आमच्याकडे तुमच्याआधी एजंट पोहोचला होता.

त्याने साडेतीन लाख सांगितले होते. बाबा पतपेढीत कर्जाची चौकशीही करून आले होते. तुम्ही आरडाओरडा केला नाहीत, पोलिसांचं नाव काढलं नाहीत. फक्त विचारलंत, "त्याचा परवाना नंबर काय?" मग माझ्याच मोबाइलवर सरकारची ई-मायग्रेट ही साइट उघडायला लावलीत. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या प्रत्येक एजंटाची नोंद तिथे लागते आणि परवाना असला तरी उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्याचं नाव यादीत नव्हतं. कर्ज टळलं. किसननगरात असं कर्ज काढलेली घरं मी पाहिली आहेत, म्हणून त्या एका प्रश्नाचं मोल मला कळतं.

नौपाड्याहून तुम्ही रिक्षा करून यायचात, भर पावसातसुद्धा. जपानी कंपनीत इतकी वर्षं दुभाषी म्हणून काम केल्यावर निवृत्तीत आराम करता आला असता. तुम्ही मात्र फी घेतली नाहीत, आणि सूटही दिली नाहीत. जेएफटी-बेसिक या जपानी भाषेच्या परीक्षेला २५० पैकी २०० गुण लागतात, म्हणून सरावात २०० ला समाधान मानणाऱ्या मुलींना तुम्ही पुन्हा पेपर सोडवायला बसवायचात. शिवाय काईगोची कौशल्य परीक्षा वेगळी, काईगोच्या जपानीची आणखी वेगळी. धाकटी रात्री भांडी घासताना शब्द पुटपुटायची. शेवटी शेवटी आईलाही काही पाठ झाले होते.

एका रविवारी तिला घ्यायला आलो, तर तुम्ही मलाच खुर्चीत बसवलंत. "समजा, याचा उजवा हात लुळा आहे. शर्ट घाला." एका मुलीने माझा डावा हात उचलला. तुम्ही थांबवलंत. घालताना लुळी बाजू आधी, काढताना धडधाकट बाजू आधी. चांगला हात वाकतो, बाहीत शिरतो. लुळा हात ओढला तर खांदा दुखावतो. धाकटीने बाहीत आपला हात खालून घातला, माझं मनगट धरलं आणि बाही माझ्या हातावर सरकवली. पण त्याआधी ती म्हणाली, "आता उजवा हात धरते." सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, हा तुमचा नियम. त्यानंतर घरी आजीला उठवतानाही ती आधी सांगायची, "आजी, पाठीला हात लावते हं." आजी इतकी सुखावायची! नंतर आम्ही सगळेच तसं करायला लागलो.

करारपत्र आलं तेव्हा तर तुम्ही आमच्या घरी जमिनीवर बसून ओळ न् ओळ वाचून दाखवलीत. पगार तेच काम करणाऱ्या जपानी माणसापेक्षा कमी चालत नाही. पण त्यातून कर, विमा, पेन्शन, खोलीभाडं जातं, तेव्हा हातात किती पडेल याचा हिशेब तुम्ही बाबांच्याच हाताने मांडून घेतलात. कुशल कामगारांच्या या व्हिसाची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं आणि घरच्यांना सोबत नेता येत नाही, हेही आईसमोर स्पष्ट सांगितलंत. आई रडली, तुम्ही थांबलात, आणि मग पुढचं वाचलंत. या व्हिसावर त्याच क्षेत्रात नोकरी बदलता येते, काम शिकायला म्हणून माणसं नेणाऱ्या जपानच्या जुन्या टेक्निकल इंटर्न योजनेत एकाच मालकाशी बांधून घ्यावं लागे, हा फरक तुम्ही तिला लिहून दिलात. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही, हे तर तीन-तीनदा. कायमची परतलीच, तर भरलेल्या पेन्शनच्या परताव्यासाठी दोन वर्षांच्या आत अर्ज करायचा, हेसुद्धा त्याच कागदावर आहे. तो कागद तिने पासपोर्टसोबत नेलाय.

बाई, आम्हाला आजवर मदत करणारे पुष्कळ भेटले. "सही कर, बाकी आम्ही बघतो" असंच सगळे म्हणायचे. सही करायच्या आधी आम्हाला सगळं समजलंच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या तुम्ही एकट्या. बाबा आता बँकेतला फॉर्मसुद्धा वाचल्याशिवाय भरत नाहीत.

धाकटीचा निरोप आहे: तिथे तीन वर्षं काम झाल्यावर काईगोची राष्ट्रीय परीक्षा द्यायची तिने ठरवलंय. ती परीक्षा पास झाली तर पुढे राहण्याचा आणि घरच्यांना नेण्याचा मार्ग मोकळा होतो, म्हणून अभ्यास आत्तापासूनच सुरू केलाय. कोणतं पुस्तक आधी घ्यावं, ते तिला कळवा.

आणि एक विनंती. आमच्या मागच्या चाळीतल्या दोन मुली ब्युरोच्या कामावर जातात. त्यांची ड्युटी रात्री आठला सुटते. मंडळाच्या पोरांशी मी बोललोय, ते ऑफिस दहापर्यंत उघडं ठेवायला तयार आहेत, आणि परतताना तुम्हाला नौपाड्याला सोडायला मी येईन. पुढच्या बॅचची वेळ जरा उशिराची ठेवता येईल का?

तुमचा,
धाकटीचा दादा
किसननगर, ठाणे