मेणवलीच्या घाटावर भेटलेल्या चित्रकार सरांना

आदरणीय सर,

आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे जाहीरपणे लिहीत आहे. वाईजवळच्या मेणवलीला, नदीच्या घाटावर, पायऱ्यांचे जलरंगचित्र करताना रडकुंडीला आलेली बाई आपल्याला कदाचित आठवणारही नाही. मला मात्र ती सकाळ आठवल्यावाचून रंगांची पेटी उघडता येत नाही.

त्याआधी दोन वर्षे मी एका वर्गाला जात होते. तिथे ह्यू, व्हॅल्यू, क्रोमा, टिंट, टोन, शेड हे शब्द वहीत उतरवून घेतले जात आणि अर्थ विचारला की प्रत्येकाचे उत्तर एकच मिळे: ‘छटा’. एके दिवशी शिक्षकांनी माझ्या चित्रावर न विचारता काळ्याचा फटकारा ओढला आणि मला रंगांचा डोळाच नाही, असे सर्वांदेखत सांगितले. पन्नाशीनंतर शिकायला आलेल्या माणसाच्या मनात असे वाक्य घर करून बसते.

आपण मात्र आधी विचारलेत, ‘ताई, तुमच्या चित्राला हात लावला तर चालेल का?’ मी हो म्हटले, तरीही आपण हात लावला नाहीत. आपल्याच वहीतून जाड कागदाची एक पट्टी फाडलीत, तिला पेन्सिलीच्या टोकाने दोन भोके पाडलीत आणि एका भोकातून उन्हातली काळ्या दगडाची पायरी, तर दुसऱ्यातून सावलीत वाळणारे पांढरे धोतर पाहायला लावलेत. दोन्ही जवळजवळ सारखीच उजळ दिसली! दगड काळा हे ठाऊक होते म्हणून मी तो काळा रंगवत होते. डोळ्यांना तो तसा दिसतच नव्हता.

मग आपण म्हणालात, हे शब्द तुमच्याकडे आहेतच. डाळिंबी आणि आमसुली यांत साडीच्या दुकानात तुमची कधी गल्लत होत नाही. लाल, निळा, पिवळा हे रंगाचे नाव, म्हणजे ह्यू. फिका-गडद ही व्हॅल्यू. भडक-मळका हा क्रोमा. अमेरिकेतील चित्रकार-शिक्षक अल्बर्ट मन्सेल यांनी १९०५ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेली ही तीन मापे आपण आमच्या घरातल्या बोलीत आणून ठेवलीत. पांढरा मिसळला की टिंट, काळा मिसळला की शेड, करडा मिसळला की टोन, आणि जलरंगात पांढऱ्याचे काम बहुधा पाणी व कोरा कागदच करतो, हेही तेव्हाच कळले. अबोली ही नारिंगीची टिंट आहे, हे आता मला कोणी पाठ करायला सांगण्याची गरज उरलेली नाही.

त्या दिवशी सावलीसाठी मी काळा वापरला नाही. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकमेकांत मिसळून जो करडा तयार झाला, तो कधी निळसर, कधी तांबूस होत पायऱ्यांवर उतरला आणि सावलीत पहिल्यांदाच हवा खेळू लागली.

विद्या असणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याच्या कच्च्या कामासमोर परवानगी मागणारे फार थोडे. आपली ती पट्टी माझ्या रंगपेटीत आहे. तिच्या एका भोकाच्या कडेला आपल्या बोटाचा निळा ठसा उमटला आहे, आणि पायऱ्या रंगवायला बसले की मी अजून त्याच भोकातून पाहते.

आपली कृतज्ञ,
घाटावरची विद्यार्थिनी