केजीएफच्या यंत्रांना नुसता रंग नको

मा. संपादक,

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणी (केजीएफ) २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. बंगारपेटहून मारिकुप्पमला जाणारा १८९४ चा रेल्वेफाटा मात्र आजही चालू आहे. उरिगाम, चॅम्पियन, कोरोमंडल ही त्यावरची स्थानके खाणींच्याच नावांची. खाण आणि रेल्वे यांचे छोटेसे संग्रहालय उभारायचे, तर याच फाट्यावर, स्थानकालगत. १८९४ नंतर अवजड यंत्रे याच रुळांवरून खाणींपर्यंत पोचली. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून वीज आली, त्याआधी सारा भार वाफेच्या इंजिनांवर होता.

जुने यंत्र हाती लागले की आधी सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा), मग झगमगीत रंग, ही आपल्याकडची सवय घातक आहे. मूळ रंगाचे थर जातात आणि कारखान्याचा क्रमांकही पुसट होतो. साचलेले ग्रीस ब्रशने आणि रॉकेलने काढावे, उघड्या लोखंडावर मेणाचा पातळ लेप द्यावा. वाफेच्या इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी राहू देऊ नये. ते राहिले तर बाहेरून चकचकीत दिसणारे इंजिन आतून गंजते. खाणीत माणसांची ने-आण करणारा पिंजरा ओढणाऱ्या पोलादी दोराचेही तेच. त्याच्या मधला ताग ओल धरून ठेवतो आणि तारा आतूनच गंजतात. वेटोळे फरशीवर न टाकता लाकडी ठोकळ्यांवर ठेवावे.

पाऱ्याकडे विशेष लक्ष हवे. खडकाचा चुरा पाण्याबरोबर पारा लावलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून वाहत जाई आणि सोने पाऱ्याला चिकटे. असे जुने पत्रे बंद खोलीत कधीही उघडे मांडू नयेत, कारण त्यांतून वर्षानुवर्षे वाफ निघू शकते. सीलबंद पेटीच हवी. ‘सायनाइड डंप’च्या, म्हणजे सोने काढून उरलेल्या चुऱ्याच्या ढिगांच्या, मातीचा नमुनाही बाटलीतच दाखवावा. तिथली बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, आणि सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजाराने किती कामगार खंगले हे त्याच दालनात सांगायलाच हवे.

एक भिंत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेला (टीआयएफआर) द्यावी. चॅम्पियन रीफमध्ये सुमारे २.३ किमी खोल त्यांनी ओसाका आणि डरहॅमच्या शास्त्रज्ञांसह १९६५ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांची नोंद केली.

यंत्रे थांबू शकतात, माणसे नाही. खाणीत काम केलेले लोक वृद्ध होत चालले आहेत. पिंजऱ्याच्या घंटेचे संकेत, खडक फुटण्यापूर्वीचे आवाज आणि लाकडी टेकू बसवण्याची पद्धत त्यांच्याच तोंडून, तमिळ, तेलुगू किंवा कन्नडमध्ये, इमारतीची वाट न पाहता आत्ताच ध्वनिमुद्रित करावी.

— औद्योगिक वारशाचे काही अभ्यासक, पुणे