जूनच्या शेवटी या

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, "नऊ दिवसांत पाच देशांची टूर आहे, त्यात एक दिवस तुझ्या आल्प्सचा. तेवढ्यात तुलाही भेटू." मी तेव्हा गप्प बसले, कारण फोनवर आपलं बोलणं औषधं आणि जेवण यांच्या पुढे सरकत नाही. म्हणून पत्र लिहितेय.

बाबा, त्या एका दिवसात काय होतं ते मी इथे स्वित्झर्लंडमध्ये चार वर्षं बघतेय. सकाळी बस येते, सगळे डोंगरातल्या रेल्वेगाडीत बसून युंगफ्राउयोखच्या खिंडीत जातात, ३,४५४ मीटरवर. बर्फाचा महाल, दोन-चार फोटो, गरम चहा, की निघाली बस. ढग असले तर तेवढंही नाही. पहिल्या वर्षी मी अशीच गेले होते. समोर पांढरी भिंत, बाकी काही नाही, आणि जिना चढताना लागलेला दम तेवढा लक्षात राहिला. आता सकाळी उठून वरच्या कॅमेऱ्याचं चित्र बघितल्याशिवाय मी तिकीट काढत नाही. तुम्ही आलात की आपण खाली आठ-दहा दिवस राहू, हवेची सवय होऊ दे, आणि आकाश निरभ्र असेल त्या सकाळी वर जाऊ. बाबांच्या बीपीचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

ती गाडी मात्र बाबांनी बघायलाच हवी. तुमची अख्खी नोकरी घाटरस्त्यांत गेली, तुम्हाला तिची किंमत कळेल. आडोल्फ गुयर-झेलर नावाच्या उद्योगपतीच्या डोक्यात ही कल्पना आली. १८९६ मध्ये काम सुरू झालं आणि तीन वर्षांत तो गेला. लोकांनी तरी काम सोडलं नाही. आयगर आणि म्योंश या दोन डोंगरांच्या पोटातून सात किलोमीटरहून लांब बोगदा खणून १९१२ मध्ये गाडी वर पोचली. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते, गाडीखालचं चाक तिच्यात अडकत अडकत चढतं. बोगद्यात एका ठिकाणी गाडी थांबते आणि कड्यात कोरलेल्या खिडकीतून हिमनदी दिसते. तिथे मला तुमची फार आठवण आली.

आता गुडघ्याबद्दल. ऑपरेशन झाल्यापासून तुम्ही अजिंक्यताऱ्याकडे नुसतं खालून बघता, असं आई सांगत होती. मला लहानपणी खांद्यावर बसवून सज्जनगडाच्या पायऱ्या चढणारे बाबा "आता डोंगर संपले" म्हणतात, हे मला ऐकवत नाही. इथे डोंगर तुमच्यासाठी संपलेले नाहीत. वेंगेन गावात मोटारी नाहीतच, रेल्वेने जायचं. तिथून तारेवरच्या पाळण्याने मॅनलिखेन डोंगरावर जायचं आणि क्लायने शायडेगच्या खिंडीतल्या स्टेशनापर्यंत चालायचं. दीड तासाची वाट, रुंद, जवळजवळ सपाट, शेवटी थोडा उतार. आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ पूर्ण वेळ समोर. आपण तीन तास लावू. पोचलो की परतीची गाडी आहेच.

इथल्या वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर अंतर नसतं, वेळ लिहिलेली असते, तीही न थांबता चालणाऱ्याची. तुम्ही ती दुप्पट धरायची. पाटीचं टोक पांढरं-लाल-पांढरं असेल तर ती वाट डोंगरी, खडकाळ. तिकडे मी तुम्हाला नेणार नाही.

त्याहून सोपं म्हणजे लाउटरब्रुनेनच्या दरीत खालून चालणं. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यांवरून बहात्तर धबधबे पडतात असं इथले लोक सांगतात. त्यांतला श्टाउबबाख सुमारे तीनशे मीटर उंचीवरून पडतो, वाऱ्यात त्याचा नुसता धुरळा होतो. ठोसेघर आठवेल. थकलात की रस्त्यावर बस मिळते. याच दरीत ट्र्युमेलबाख धबधबा आहे. तो बाहेरून दिसतच नाही, डोंगराच्या आत कोसळतो. त्या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तिथून येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. बोगद्यातली लिफ्ट बरीच वर नेते. पुढे ओल्या पायऱ्या आहेत, तिथे माझा हात धरायचा.

आई, तुझ्यासाठी शिनिगे प्लाटे नावाचा डोंगर. १८९३ सालची छोटी गाडी संथपणे वर नेते आणि वर आल्प्समधल्या रानफुलांची बाग आहे. कासला सप्टेंबरात आपण गेलो होतो ना, तसं, फक्त इथे फुलांचा बहर जूनअखेर आणि जुलैत. बर्फ वितळलेला असतो, धबधबे भरलेले, गाई वर कुरणांत आलेल्या. गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येतात. सप्टेंबरात गाई खाली येतात. तेव्हा थुन तळ्याच्या वरच्या युस्टिस्टाल दरीत उन्हाळाभर केलेलं चीज वाटतात. ज्याच्या गाईंनी जितकं दूध दिलं, त्या हिशेबाने त्याचा वाटा. आजोळी डेअरीत लिटर मोजून चिठ्ठी मिळायची, ते आठवलं. तुला ते दाखवायची फार इच्छा आहे, पण गौरी-गणपती सोडून तू येणार नाहीस, आणि मी म्हणणारही नाही.

तू बर्फ पडताना बघायचा म्हणतेस. जानेवारीत वेंगेनला लाउबरहॉर्नची स्कीची शर्यत असते, १९३० पासून. सगळं गाव बाहेर येतं. चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून सपाट केलेल्या वाटा असतात, त्यांच्या पाट्या गुलाबी. ग्रिंडेलवाल्डला लाकडी सायकलीसारखी घसरगाडी मिळते, १९११ पासूनची, चाकांच्या जागी धावपट्ट्या. हे सगळं सुंदर आहे, पण खालच्या दरीत तेव्हा ऊन फार थोडा वेळ येतं. पहिल्याच खेपेला तुम्हाला त्या थंडीत आणायला मला भीती वाटते. हिवाळा पुढच्या वेळी. नोव्हेंबरात मात्र कोणी स्वस्त तिकीट देऊ केलं तरी येऊ नका. बरेचसे पाळणे दुरुस्तीला बंद, हॉटेलंही मिटलेली.

म्हणून म्हणते, टूरचे पैसे भरू नका. जूनच्या शेवटी या आणि महिनाभर राहा. मी दोन आठवडे सुट्टी काढते. उरलेले दिवस बर्नच्या माझ्या घरी. शनिवार-रविवारी ब्रिएन्झ तळ्यावर १९१४ सालची वाफेची बोट आहे, तिच्यात नुसतं बसून राहायचं. बाबा, तुम्हाला इंजिनघर वरून दिसेल.

उन्हाळ्यात व्हिसाच्या तारखा पटापट भरतात, तेव्हा दोघांच्या पासपोर्टची मुदत आजच बघून कळवा. बाबांनी रोज पोवई नाक्यापर्यंत चालायला सुरुवात करावी, काठी घेऊन चालेल. आई, मेतकूट आण, आणि बाबांचे जुने बूट आणू नकोस. इथे आपण नवे घेऊ.

तुमची लेक