क्रेऑनला खलनायक करू नकोस

चि. अनिकेत,
अनेक उत्तम आशीर्वाद.

'अँटिगनी'त क्रेऑनचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून बरं वाटलं. पण त्यापुढे तू 'म्हणजे व्हिलनच मिळाला' असं लिहिलंस, म्हणून हे लांबलचक पत्र. क्रेऑन पहिल्या प्रवेशापासून डोळे वटारत आला तर नाटक वीस मिनिटांत संपतं. उरलेला तासभर लोक फक्त याला शिक्षा कधी होते याची वाट बघत बसतात. सोफोक्लीसचं मूळ ग्रीक नाटक 1353 ओळींचं आहे. अँटिगनी 943व्या ओळीला गुहेकडे जाते आणि परत दिसत नाही. पुढच्या 410 ओळी तुझ्या आहेत. नाव तिचं असलं तरी शेवटपर्यंत ओझं तुझ्याच खांद्यावर आहे.

आधी क्रेऑनचा हुकूम नीट समजून घे. थीब्ज शहराचा आधीचा राजा ईडिपस याचे दोन मुलगे, म्हणजे अँटिगनीचे भाऊ, एकाच दिवशी एकमेकांच्या हातून मेले. इटिओक्लीस थीब्जच्या बाजूने लढत होता, पॉलिनायसीस परक्या शहराचं सैन्य घेऊन चालून आला होता. शत्रू रात्रीत पळाला, आता पहाट होते आहे, आणि क्रेऑनला गादीवर येऊन एक दिवससुद्धा झालेला नाही. तो सांगतो : एकाला सन्मानाने मूठमाती, दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर कुत्र्या-गिधाडांना. मोडेल त्याला लोकांनी दगडांनी ठेचून मारायचं.

इ. स. पू. 441च्या सुमारास हे बघणाऱ्या अथेन्सकरांना यातला अर्धा भाग ओळखीचा होता. देशद्रोही आणि देवळं लुटणारे यांना अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सभोवतालच्या प्रदेशाच्या, मातीत पुरायचं नाही असा त्यांच्याकडे कायदाच होता. थेमिस्टोक्लीससारख्या सेनानीची हाडंसुद्धा नातेवाइकांनी गुपचूप आणून पुरली असं इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो. पण तिथे बंदी होती ती आपल्या हद्दीत पुरण्याला. प्रेत हद्दीबाहेर गेलं की घरच्यांनी त्याचं काय करायचं यात शहर पडत नसे. क्रेऑन प्रेत बाहेरही जाऊ देत नाही आणि पुरूही देत नाही. आपल्याच भूमीवर सडू देतो आणि वर पहारा बसवतो. म्हणजे ओळखीच्या कायद्याच्या तो एकच पाऊल पुढे गेला आहे. प्रेक्षकाला ते पाऊल लगेच जाणवता कामा नये. सुरुवातीला त्याला हुकूम कडक वाटावा, पण वेडगळ वाटू नये.

म्हणून तुझं पहिलं भाषण, ओळ 162 ते 210, अजिबात ओरडून म्हणू नकोस. माणूस कसा आहे हे सत्ता हातात आल्याशिवाय कळत नाही, देशापेक्षा मित्राला मोठं मानणारा माझ्या लेखी कुणीच नाही, राज्य हे जहाज आहे आणि ते तरलं तर आपण तरलो : यात चुकीचं काय आहे? इ. स. पू. 343मध्ये अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने आपला प्रतिस्पर्धी एस्किनिस याच्यावर खटला चालवला तेव्हा याच ओळी कोर्टात वाचायला लावल्या, आणि चांगल्या राजकारणाचा नमुना म्हणून. गंमत अशी की एस्किनिस पूर्वी नट होता आणि त्याने क्रेऑन अनेकदा केला होता. टोमणा असा की स्टेजवर इतक्या वेळा म्हटलेलं तत्त्व पठ्ठ्याला शहराचा दूत म्हणून गेल्यावर आठवलं नाही.

या भाषणात एक वाक्य आहे, त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तू दे. क्रेऑन म्हणतो, मेलेल्यांचा मी सगळ्यात जवळचा नातेवाईक, म्हणून गादी माझ्याकडे आली. त्याचा हक्क रक्ताच्या नात्यातून आला आहे, आणि पहिलाच हुकूम आहे रक्ताच्या नात्याचं कर्तव्य बंद करण्याचा. हे त्याला स्वतःला दिसत नाही. तूही दाखवायला जाऊ नकोस, वाक्य फक्त स्वच्छ ऐकू जाऊ दे.

त्यानंतर कोरसकडे, म्हणजे नाटकात एकत्र गाणाऱ्या-बोलणाऱ्या समूहाकडे बघ. पंधरा म्हातारे, थीब्जचे मानकरी. त्यांचं उत्तर काय येतं? 'मेलेल्यांबाबत आणि आम्हा जिवंतांबाबत हवा तो कायदा लावायला तुम्ही मुखत्यार आहात.' लक्ष ठेवायला सांगितल्यावर म्हणतात, हे काम कुणा तरुणावर सोपवा. ना होकार, ना विरोध. अशा उत्तराला संमती समजून पुढे जाणं ही क्रेऑनची पहिली चूक. तालमीत इथे दोन श्वासांची जागा ठेव. कोरस बायकांचा नाही, हेही सोफोक्लीसने मुद्दाम केलं असावं असं मला वाटतं. बहीण इस्मेनी सोडली तर अँटिगनीच्या बाजूला रंगमंचावर कुणीच उरत नाही.

दुसरी चूक पहारेकऱ्याच्या प्रवेशात. तो येतो विनोदी ढंगात, दर चार पावलांवर थांबून परत फिरावं की काय असा विचार करत. बातमी देतो : प्रेतावर कोरड्या मातीचा पातळ थर आहे, कुदळीचा घाव नाही, गाडीच्या चाकाचा माग नाही, कुत्र्याने ओढल्याची खूण नाही. कोरसचा म्होरक्या हळूच म्हणतो, हे देवाचं तर काम नसेल? आणि क्रेऑन भडकतो, पैसे चारले आहेत कुणीतरी! त्याला विरोधामागे पैसा दिसतो. पुढे आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस येतो, त्यालाही तो हेच ऐकवतो. संशयाचा आवाज दोन्ही ठिकाणी सारखाच ठेव, म्हणजे माणूस कुठे अडकला आहे ते न सांगता कळतं.

आता तिच्याविषयी, कारण समोरचं पात्र कळलं नाही तर तुला तुझं वजन सापडणार नाही. आपण सदसद्विवेक म्हटलं की आतला आवाज समजतो. अँटिगनी आतल्या आवाजाबद्दल एक अक्षर बोलत नाही. ती कामाबद्दल बोलते. प्रेताला न्हाऊ घालणं, त्याच्यासाठी रडणं, ही ग्रीक घरात बायकांची कामं होती, आणि इस्मेनीने नकार दिल्यावर त्या घरात ती कामं करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. पहारेकऱ्यांनी माती झटकली आणि दुर्गंधी येऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून टेकडीवर बसले. भर दुपारी वावटळ उठली, ती निवली तेव्हा मुलगी तिथे होती. रिकामं घरटं दिसल्यावर पक्षीण ओरडते तशी ओरडली, ओंजळीत कोरडी माती आणली, काशाच्या सुरईतून प्रेताभोवती तीन वेळा तर्पण केलं. धरली तेव्हा घाबरली नाही, नाकारलंही नाही. तिचं सगळं बंड एवढंच आहे : एक ओंजळ माती आणि तीन धारा. ही कृती पहारेकरी सांगतो, स्टेजवर दिसत नाही. दिग्दर्शकांना ती दाखवायचा मोह होईल. दाखवू नका, वर्णनात ती मोठी आहे.

'हा हुकूम झ्यूसने काढलेला नाही' हे तिचं प्रसिद्ध भाषण ओळ 450पासून. देवांचे न लिहिलेले, न ढळणारे नियम आजचे-कालचे नाहीत, माणसाच्या फर्मानात ते मोडण्याइतकी ताकद नाही, असा तिचा दावा. त्यावर तुझं उत्तर ऐक. सुरुवातीला राज्याच्या शिस्तीची भाषा, आणि पाच-दहा ओळींत 'ही सुटली तर पुरुष मी नव्हे, ही ठरेल'. थोड्या वेळाने 'माझ्या जिवात जीव आहे तोवर बाई राज्य करणार नाही'. शहराचा मुद्दा होता तो बघता बघता त्याचा स्वतःचा झाला. नाटकाची खरी कलाटणी मला इथे वाटते, टायरेसियसच्या वेळी नाही. कायद्याला मान हवा म्हणणारा माणूस 'मला' मान हवा म्हणू लागतो. हा बदल आवाज चढवून नको, उलट बोलणं अधिक खाजगी होऊ दे.

हेमॉनचा, म्हणजे क्रेऑनच्या मुलाचा आणि अँटिगनीच्या वाग्दत्त वराचा, प्रवेश मात्र तासून तासून बसवा. मुलगा आधी 'बाबा, मी तुमचाच' म्हणत वाकतो. अँटिगनीवरचं प्रेम मध्ये आणत नाही. तो बातमी आणतो : तुमच्यासमोर लोक बोलत नाहीत, पण अंधारात सगळं शहर त्या मुलीसाठी हळहळतं आहे. पुरात वाकणारी झाडं तगतात, ताठ राहणारी मुळासकट जातात. मग एकेका ओळीची चकमक. मी साध्या मराठीत टाकते, लय बघ :

'मी काय हुकूम द्यावा हे आता गाव ठरवणार?'
'बघा, किती पोरवयाचं बोललात.'
'मग राज्य दुसऱ्याच्या मताने करू?'
'एका माणसाचं असतं ते शहरच नव्हे.'
'शहर राज्यकर्त्याचंच मानतात ना?'
'ओसाड जागेत तुम्ही एकटे छान राज्य कराल.'

इथे बहुतेक नट दुसऱ्या ओळीलाच टिपेला पोचतात आणि मग वर जायला जागा उरत नाही. पहिल्या चार ओळी बाप-लेकाच्या ठेवा. पाचवीला क्रेऑन थोडा गोंधळलेला हवा, त्याला ते खरंच उघड सत्य वाटतं. राग सहाव्यानंतर.

या प्रवेशाच्या शेवटी शिक्षा बदलते आणि वाचताना ते निसटतं. हुकुमात दगडांनी मारणं होतं. आता तो म्हणतो, जिथे माणसाची पायवाट नाही तिथे खडकाच्या गुहेत जिवंत कोंडा, शहराला पाप लागणार नाही इतकंच अन्न ठेवा. का बदलली? क्रेऑन कारण देत नाही. माझा अंदाज असा की दगड मारायला लोक लागतात, आणि लोक मारणार नाहीत हे मुलाने नुकतंच सांगितलं. शिवाय अन्न ठेवलं की 'आम्ही मारलं नाही' म्हणता येतं. त्याच दमात तो इस्मेनीलाही सोडतो, तेही कोरसने विचारलं म्हणून. म्हणजे हा माणूस दगड नाही, आतून हललेला आहे. पण नको त्या गोष्टीत सरकतो आणि मुद्द्यावर ठाम राहतो.

टायरेसियसचं गाऱ्हाणं तात्त्विक नाही. पक्षी वेड्यासारखे एकमेकांना ओरबाडताहेत, यज्ञातली चरबी जळण्याऐवजी निखाऱ्यावर वितळते आहे, कारण कुत्र्या-पक्ष्यांनी प्रेताचे लचके वेदीवर आणून टाकले. मग हिशेब : खालचा आहे त्याला तू वर ठेवलास, वरची आहे तिला खाली घातलंस. दोन्ही बाजू सारख्याच बरोबर असं जर्मन तत्त्वज्ञ हेगेलच्या आधाराने वर्गात शिकवतात. टायरेसियस बोलल्यावर पुरण्याच्या बाबतीत तरी ते टिकत नाही.

क्रेऑन नमतो, आणि नमल्यावर सगळ्यात मोठी चूक करतो. कोरसचा म्होरक्या स्पष्ट क्रम सांगतो : आधी मुलीला सोडवा, मग थडगं बांधा. निरोप्या पुढे सांगतो ते उलटं. आधी माळावर प्रेताला स्नान, ताज्या फांद्यांवर दहन, मातीचा उंचवटा, मग गुहा. तोवर अँटिगनीने तलम वस्त्राचा फास लावलेला होता. हेमॉन बापावर तलवार उगारतो, वार चुकतो, तीच तो स्वतःत खुपसतो. क्रेऑनने क्रम का उलटवला याचं उत्तर नाटकात नाही, तुला ठरवावं लागेल. मला पटतं ते असं की देव कोपल्याची बातमी आली ती प्रेताबद्दल, म्हणून तो आधी प्रेताकडे धावला. जिवंत मुलगी तेव्हाही त्याच्या यादीत दुसरीच होती.

दिग्दर्शकांना ओळी 904 ते 920 कापायच्या आहेत म्हणतोस. 'नवरा किंवा मूल असतं तर मी हे केलं नसतं, दुसरा नवरा मिळेल, आई-बाप गेल्यावर दुसरा भाऊ कुठून येणार?' असा तिचा विचित्र हिशेब. या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कुणी घुसडलेल्या, ठराव्यात अशी जर्मन कवी गटेचीसुद्धा इच्छा होती. पण अ‍ॅरिस्टॉटल त्यातल्या ओळी उद्धृत करतो, म्हणजे निदान त्याच्या काळी त्या नाटकात होत्या. असाच युक्तिवाद ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या तिसऱ्या पुस्तकात एका पर्शियन सरदाराची बायको करते. माझं मत विचारशील तर ठेवा. त्या काढल्या की ती घोषणा देणारी पुतळी होते. वेळ वाचवायचा असेल तर कोरसच्या गाण्यांतले पुराणातले दाखले कापा.

गणवेश, झेंडे, आजच्या पुढाऱ्यांच्या टोप्या, यातलंही काही नको. दाखला हवाच असेल तर अथेन्सचाच घ्या. नाटकानंतर 35 वर्षांनी, इ. स. पू. 406मध्ये, आर्गिनूसीची आरमारी लढाई जिंकून आलेल्या सेनापतींवर, वादळात बुडणाऱ्यांना उचललं नाही म्हणून, एकगठ्ठा मृत्युदंडाचा ठराव आला. सहा जण मारले गेले. तो ठराव बेकायदा आहे, मी मताला टाकू देणार नाही, असं सभेच्या अध्यक्षमंडळात बसलेला सॉक्रेटिस एकटा म्हणत राहिला. आणि देशद्रोह्याला अ‍ॅटिकात पुरू नये हा कायदा इतिहासकार झेनोफनने नोंदवला आहे तोही याच खटल्यातल्या बचावाच्या भाषणात. तिथे क्रेऑन एक माणूस नव्हता, अख्खी सभा होती. आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केलं तेव्हा नेल्सन मंडेलांनी क्रेऑन केला होता, हे तुझ्या 'व्हिलन'साठी.

आता शेवटचा प्रवेश. 1257ला तू हेमॉनचं प्रेत घेऊन येतोस आणि लगेच मूळ ग्रीकमध्ये क्रेऑन गाऊ लागतो. तोवर तो जवळजवळ सगळं बोलतच आलेला असतो. आपल्या संगीत नाटकात गद्य सोडून पद धरतात तशी ही जागा आहे, फक्त इथे मोडलेला माणूस गातो. तुमच्या संहितेत गाणं नसलं तरी बोलण्याची चाल बदलायलाच हवी. लगेच क्रेऑनची बायको युरिडिसी हिने जीव दिल्याची बातमी येते. तिला सगळ्या नाटकात नऊच ओळी आहेत, त्यामुळे तिचं न बोलता आत जाणं प्रेक्षकाच्या लक्षात राहील असं बसवा.

हेमॉनला एकट्याने उचलून आणायचा हट्ट नको. दम लागला की पहिल्याच ओळी फुटतात. दोन सेवक खांदा आणि पाय धरतील, तू डोकं आणि मान सांभाळ. हेमॉनने मान सैल सोडायची, पण पाठ ताठ ठेवायची, नाहीतर तिघांचेही तोल जातील. पंधरा पावलांचं अंतर असेल तर दहाव्या पावलापर्यंत तोंड उघडू नकोस. ही तालीम गादी घालून करा, पोशाख चढवून एकदा तरी करा, कारण घोळदार वस्त्र पायात येतं. प्रयोगाची तारीख ठरली की कळव, बाबांना रजा टाकावी लागेल.

तुझी,
आई